व्हाइट सॉक्स २०२४: हरणारा हंगाम नीट कसा पाहायचा

पस्तिसावा रस्ता | २६ एप्रिल २०२४

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे २५ सामने झाले. ३ जिंकले, २२ हरले. याच संघाने २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून विभागाचं विजेतेपद घेतलं होतं. २०२२ मध्ये ८१-८१, मागच्या वर्षी ६१-१०१ आणि आता हे.

शिकागोतले आणि बाहेरचे बरेच मराठी लोक हा संघ पाहतात, म्हणून धागा काढतोय. विनंती एकच: नुसतं "आजही हरले" लिहू नका, स्कोअर सगळ्यांना दिसतो. सामना कुठल्या इनिंगला, कुणाच्या हातून आणि का गेला ते लिहा. असा हंगाम शेवटपर्यंत पाहायचा तर कारणं कळायला हवीत. ती कळली की पराभव एकसारखे दिसत नाहीत.

सुरुवातीची कारणं मांडतो.

डिलन सीझ हा पहिल्या क्रमांकाचा पिचर (चेंडू टाकणारा) १३ मार्चला, म्हणजे हंगामाला दोन आठवडे उरले असताना सॅन डिएगोला दिला. बदल्यात ड्रू थॉर्प, हायरो इरियार्ते, सॅम्युएल झवाला हे तरुण आणि स्टीव्हन विल्सन हा रिलीव्हर (सामन्याच्या मध्ये येऊन टाकणारा पिचर) मिळाला. सौदा वाईट नाही, पण त्याचं फळ आत्ता नाही.

लुईस रॉबर्ट ज्युनियर ५ एप्रिलला कमरेच्या स्नायूने गेला. योआन मोंकाडा त्याच आठवड्यात मांडीच्या स्नायूने गेला. एलॉय हिमेनेझ त्याआधीच बाहेर होता. बॅटिंग ऑर्डर ज्या तिघांभोवती बांधली होती, ते तिघेही एकाच वेळी इंज्युरी लिस्टवर.

तिसरं कारण मला सर्वात मोठं वाटतं. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी फारच थोडे बेसवर पोचू शकतात. २८ मार्चचा पहिलाच सामना आठवा. गॅरेट क्रोशेने डेट्रॉइटविरुद्ध सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि संघ १-० ने हरला.

---

सहाचारतीन | २६ एप्रिल

धाग्याबद्दल धन्यवाद. कारण शोधायचं तर हाताने स्कोअरबुक भरण्यासारखा दुसरा मार्ग नाही. ज्यांनी कधी भरलं नसेल त्यांच्यासाठी लिहितो.

फील्डरचे आकडे आधी पाठ करा: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर ८, राइट ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंडला दिला आणि तिथून फर्स्टला गेला, की ६-४-३ डबल प्ले. सेंटरने झेल घेतला तर नुसतं ८. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद) के, आणि बॅटर बॅट न फिरवता उभाच राहिला असेल तर उलटा के.

बाजारात मिळणाऱ्या वह्यांत चौकोन छापलेले असतात, पण हरणाऱ्या संघासाठी मी चार रकाने वाढवायला सांगेन:

- इनिंग संपताना पिचरचे एकूण पिच किती झाले. एका इनिंगला १५ ही साधारण रेघ धरा. तिसऱ्या इनिंगअखेर ६० गेले असतील तर सहावी त्याच्या हातून होणार नाही.
- पहिला पिच स्ट्राइक की बॉल. नुसती टिंब-फुली पुरे.
- किती रनर बेसवर अडकून राहिले आणि त्या वेळी आउट किती होते.
- रिलीव्हर आला तेव्हा बेसवर आधीचे किती रनर होते. हे सर्वात महत्त्वाचं. ते रनर घरी आले तर धावा आधीच्या पिचरच्या नावावर चढतात, आत्ताच्या नाही. बुलपेन (रिलीव्हरांचा ताफा) गळत असताना सुरुवातीच्या पिचरचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यात पडलेल्या धावा) फुगलेला दिसतो तो असा, आणि रिलीव्हरचा मात्र चकचकीत राहतो.

पेन्सिलच वापरा. स्कोअरर हिट की एरर हा निर्णय नंतर बदलू शकतो.

---

पहाटेचा प्रेक्षक | २७ एप्रिल

पुण्याहून पाहतो. वेळांचा गोंधळ होतो, कुणी नीट सांगेल का? आणि रोज पूर्ण सामना पाहणं जमत नाही. काय पाहावं, काय सोडावं?

---

पस्तिसावा रस्ता | २७ एप्रिल

मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत शिकागो भारतापेक्षा साडेदहा तास मागे असतं. घरच्या मैदानावर संध्याकाळी ६:४० चा सामना म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१०. दुपारी १:१० चा म्हणजे त्याच रात्री ११:४०. पश्चिम किनाऱ्यावर ६:४० ला सुरू झाला तर तुमच्याकडे सकाळचे ७:१०.

पिच क्लॉक आल्यापासून सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो. बेस रिकामे असताना पिचरला १५ सेकंद, रनर असेल तर १८ (२०२४ पासून, २०२३ मध्ये २० होते). पहाटे ५:१० चा सामना पावणेआठच्या सुमारास संपतो.

वेळ कमी असेल तर पहिली इनिंग आणि सहावी ते आठवी पाहा. पहिलीत पिचरचा कंट्रोल कळतो, सहावी ते आठवीत बुलपेनचा. नववीत या संघाचा सामना बहुधा आधीच निकालात निघालेला असतो.

---

डावखुरा | २९ एप्रिल

टँपा बे विरुद्ध तिन्ही जिंकले! शनिवारचा सामना बेनिनटेंडीच्या होम रनवर, जादा इनिंगमध्ये. ६-२२.

---

सहाचारतीन | २४ मे

काल बॉल्टिमोरविरुद्ध सामना ज्या निर्णयावर संपला त्यावर सगळीकडे आरडाओरडा चालू आहे. नियम समजून घेतला तर बरं.

नववी इनिंग, एक आउट, फर्स्ट आणि सेकंडवर रनर, ८-६ ने मागे. बेनिनटेंडीचा चेंडू उंच उडाला, शॉर्टस्टॉप हेंडरसन खाली आला. इथे दोन नियम एकाच वेळी लागू होतात.

पहिला, इनफिल्ड फ्लाय. दोनपेक्षा कमी आउट, आणि फर्स्ट-सेकंडवर किंवा तिन्ही बेसवर रनर असताना इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या आतल्या भागात) सहज झेलता येईल असा चेंडू उडाला, तर झेल घेतला जावो न जावो, बॅटर आउट. फील्डरने मुद्दाम चेंडू पाडून डबल प्ले करू नये म्हणून हा नियम आहे.

दुसरा, रनरचा अडथळा. फटकावलेला चेंडू घ्यायला जाणाऱ्या फील्डरच्या वाटेत रनर आला तर रनर आउट. हेतू होता की नव्हता हे बघितलं जात नाही. सेकंडचा रनर व्हॉन बेसकडे परतत होता आणि हेंडरसनच्या वाटेत आला. बॅटर आउट, रनर आउट, सामना संपला.

रनरने काय करायला हवं होतं? इनफिल्ड फ्लायचा इशारा झाला की त्याला धावायची सक्ती राहत नाही. लगेच बेसवर पाय ठेवायचा आणि हलायचं नाही. आपल्या हक्काच्या बेसला पाय लागलेला असताना अडथळा झाला, तरी तो मुद्दाम केल्याचं दिसल्याशिवाय रनरला आउट देत नाहीत. बेस सोडून चार पावलं बाहेर असाल तर फील्डर कुठे आहे ते मान वळवून बघणं तुमचं काम.

निर्णय कठोर होता हे मान्य. हेंडरसनने झेल आरामात घेतला, आणि अंपायरला तिथे विवेक वापरायला जागा होती. पण ज्या क्षणी व्हॉनची नजर हेंडरसनवर नव्हती, त्या क्षणी त्याने निर्णय अंपायरच्या हातात दिला.

---

कुबडी बॅट | २४ मे

अनुमोदन. बेसवर असताना होणाऱ्या चुका या संघात सतत दिसतात, आणि त्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये मोजल्याच जात नाहीत.

---

बुलपेनवाला | ३१ जुलै

धागा वर काढतोय. १० जुलैच्या डबलहेडरचा (एकाच दिवशी दोन सामने) पहिला सामना मिनेसोटाविरुद्ध जिंकला. त्यानंतर एकही नाही. सोमवारी तीन संघांच्या सौद्यात एरिक फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुईसला, मायकल कोपेक लॉस एंजेलिस डॉजर्सला गेले. आपल्याकडे मिगेल वर्गास आणि दोन अगदी तरुण खेळाडू आले. काल हिमेनेझ बॉल्टिमोरला, पॉल डिजाँग कॅन्सस सिटीला. टॅनर बँक्स आधीच फिलाडेल्फियाला गेला होता.

आता बुलपेनचं गणित बघा, कारण ऑगस्टमध्ये हेच सामने घालवणार आहे.

२६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. पाच स्टार्टर (सामना सुरू करणारे), आठ रिलीव्हर. क्रोशे या वर्षाआधी मेजर लीगमध्ये एकूण ७३ इनिंग टाकून आला आहे, त्याही सगळ्या बुलपेनमधून, आणि मधलं २०२२ साल कोपराच्या शस्त्रक्रियेत गेलं. त्यामुळे ऑलस्टार ब्रेकच्या (जुलैच्या मध्यातली सुट्टी) सुमारापासून त्याला चार इनिंगच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे त्याच्या दिवशी पाच इनिंग बुलपेनने काढायच्या. प्रत्येकाने एक धरली तरी आठपैकी पाच जण संपले. दुसऱ्या दिवशी ताजे तीनच. लागोपाठ दोन दिवस टाकलेल्याला तिसऱ्या दिवशी सहसा वापरत नाहीत. दुसऱ्या दिवशीचा स्टार्टर चौथ्या इनिंगलाच कोसळला, तर तिसऱ्या दिवशी सहाव्या इनिंगला कोण येणार ते आदल्या रात्रीच सांगता येतं.

त्यातच २०२० पासून रिलीव्हरने किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग संपवायची हा नियम आहे. एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा पिचर आणणं बंद झालं. जवळ चांगले रिलीव्हर असलेल्या संघाला हे चालतं. आपल्या संघाला चुकीचा माणूस चुकीच्या बॅटरसमोर उभा ठेवावा लागतो.

कोपेक आणि बँक्स हे रिलीव्हर गेल्यावर मोकळ्या जागांवर शार्लटहून, म्हणजे आपल्याच खालच्या पातळीवरच्या संघातून, माणसं येतील. चढ-उताराचे नियम माहीत असू द्या. ऑप्शनवर (संघाचा हक्क कायम ठेवून) खाली पाठवलेल्या पिचरला किमान १५ दिवस खाली राहावं लागतं, बॅटरला १०. कुणी जखमी होऊन त्याच्या जागी बोलावलं तरच अपवाद. एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही.

---

डावखुरा | ३१ जुलै

क्रोशेला पूर्ण टाकू द्यायला हवं होतं. हंगाम गेलाच आहे, निदान पाच दिवसांतून एकदा पाहण्यासारखा सामना तरी राहिला असता.

---

बुलपेनवाला | १ ऑगस्ट

पटत नाही. या संघाकडची सर्वात मोलाची वस्तू म्हणजे त्याचा डावा हात. हिवाळ्यात त्याचा सौदा होईल तेव्हा समोरचा संघ पहिला प्रश्न विचारेल, की खांदा-कोपर शाबूत आहे का. त्याचे चार इनिंगही पाहण्यासारखेच असतात. फक्त धावा बघू नका. ईआरएच्या जोडीला एफआयपी काढा: होम रन गुणिले १३, अधिक वॉक (चार बॉलमुळे फुकट मिळालेला फर्स्ट बेस) आणि अंगाला लागलेले चेंडू यांची बेरीज गुणिले ३, वजा स्ट्राइकआउट गुणिले २. या सगळ्याला इनिंगने भागा आणि वर साधारण ३.१ मिळवा. यात फील्डरचा हात कुठेच येत नाही. एफआयपी ईआरएपेक्षा बराच खाली असेल तर समजा की पिचर जितका दिसतो त्याहून चांगला आहे.

---

पस्तिसावा रस्ता | ७ ऑगस्ट

संपली! ओकलंडमध्ये ५-१. जोनाथन कॅननने सहा इनिंग उत्तम काढल्या, बेनिनटेंडीचा दोन धावांचा होम रन.

सलग २१ पराभव. हिशेब असा: मिनेसोटा १, पिट्सबर्ग ३, ब्रेकनंतर कॅन्सस सिटी ३, टेक्सस ४, सिॲटल ३, पुन्हा कॅन्सस सिटी ३, पुन्हा मिनेसोटा ३, ओकलंड १. अमेरिकन लीगमधल्या विक्रमाशी बरोबरी झाली. १९८८ मध्ये बॉल्टिमोर हंगामाच्या सुरुवातीलाच २१ हरला होता. आधुनिक काळातला सर्वात वाईट आकडा १९६१ च्या फिलाडेल्फियाचा, २३.

मे-जूनमधली १४ पराभवांची मालिका आणि ही, यात फरक आहे. ती मालिका फलंदाजीने घालवली. या मालिकेच्या उत्तरार्धात अर्धा संघ सौद्यांत गेलेला होता. दोन्ही एकाच खात्यात टाकू नका.

---

कुबडी बॅट | ९ ऑगस्ट

मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काल काढलं. या वर्षी २८-८९, दोन वर्षांत मिळून ८९-१९०. बेंच कोच चार्ली मोंटोयो यांनाही जायला सांगितलं. उरलेल्या हंगामासाठी ग्रेडी सायझमोर, क्लीव्हलंडचे एकेकाळचे सेंटर फील्डर.

यामुळे किती फरक पडेल?

---

सहाचारतीन | ९ ऑगस्ट

निकालात थोडाच. मॅनेजरच्या हातात लाइनअपचा क्रम, पिचर बदलण्याची वेळ, बंट (चेंडू हलकेच टोलवणं) आणि स्टील (बेस चोरणं) एवढंच असतं. संघात कोण असायचं ते जनरल मॅनेजर क्रिस गेट्झ ठरवतात, आणि पैसा किती ते मालक जेरी राइन्सडॉर्फ.

पण पाहण्याजोग्या गोष्टी आहेत. कटऑफ थ्रो (लांबून फेकलेला, मध्ये घेऊन पुढे द्यायचा चेंडू) योग्य माणसाकडे जातो का. फर्स्ट बेसला जाणारा बॅटर साध्या ग्राउंडरवर पूर्ण वेगाने पळतो का. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅट आखडती धरतो का. तरुण खेळाडूला एका चुकीनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभं करतात का. शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. १०० च्या पुढे पराभव जाणार हे नक्की असताना अनुभवी पण संपत आलेल्या माणसाला रोज खेळवणं म्हणजे बॅटरबॉक्समधल्या त्या संधी वाया घालवणं.

मैदानावर जाणाऱ्यांसाठी: रेड लाइनवर सॉक्स-३५ स्टेशनला उतरा, पूल ओलांडला की मैदान. स्कोअरबुक भरायचं असेल तर होम प्लेटच्या मागे वरच्या मजल्यावर बसा. फील्डर पिचगणिक कुठे सरकतात ते तिथूनच कळतं. २०२३ पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर आणि चौघांचे पाय इनफिल्डच्या हद्दीतच हवेत, त्यामुळे आता हालचाल दोन-तीन पावलांचीच असते. टीव्हीवर ती दिसत नाही.

---

पहाटेचा प्रेक्षक | १२ ऑगस्ट

प्लेऑफमधून अधिकृतपणे बाद कधी होतो ते कसं काढायचं?

---

पस्तिसावा रस्ता | १२ ऑगस्ट

१६३ मधून पुढच्या संघाचे विजय आणि आपल्या संघाचे पराभव वजा करा. उत्तर शून्य किंवा खाली आलं की संपलं. समजा पुढच्याचे विजय ७५ आणि आपले पराभव ८८, तर उत्तर शून्य. विभागासाठी विभागातला पहिला संघ धरायचा, वाइल्ड कार्डसाठी (विभाग न जिंकताही मिळणारी प्लेऑफची जागा) तिसऱ्या वाइल्ड कार्डवर बसलेला. दोन्हींकडे शून्य आलं की बाद. आपल्या संघाच्या बाबतीत ते काही दिवसांवर आलं आहे.

त्यानंतर मोजायचा आकडा वेगळा. १९६२ चे न्यूयॉर्क मेट्स १२० हरले होते. त्यांच्याशी बरोबरी टाळायला ४३ विजय हवेत. २००३ मध्ये डेट्रॉइटने शेवटच्या सहापैकी पाच जिंकून ४३-११९ वर हंगाम संपवला होता.

---

गल्लीतला कॅचर | १५ सप्टेंबर

मोठ्या संघाकडे बघवत नसेल तर खाली, त्याच्या मायनर लीगमधल्या संघांकडे बघा. दुहेरी ए पातळीवर बर्मिंगहॅम बॅरन्स. सगळं चांगलं पिचिंग तिथे जमलं आहे, विशेषतः सहा फूट नऊ इंच उंचीचा डावखुरा नोआ शुल्ट्झ.

पायऱ्या अशा: कनॅपोलिस (ए), विन्स्टन-सेलम (हाय ए), बर्मिंगहॅम (दुहेरी ए), शार्लट (तिहेरी ए).

आकडे वाचताना मैदान लक्षात ठेवा. शार्लटचं मैदान लहान, तिथे चेंडू सहज बाहेर जातो. बर्मिंगहॅमचं मैदान पिचरला साथ देतं. त्यामुळे शार्लटमधल्या बॅटरचे होम रन आहे तसे मोजू नका. स्ट्राइकआउट आणि वॉकचं प्रमाण बघा, त्यावर मैदानाचा परिणाम कमी होतो. पिचरच्या बाबतीत उलट: बर्मिंगहॅममध्ये ईआरए सुंदर असणाऱ्याला शार्लटमध्ये धक्का बसतो आणि लोक लगेच "फुकट गेला" म्हणतात. वयही बघा. दुहेरी ए मध्ये २१ वर्षांचा आणि २५ वर्षांचा यांचे आकडे सारखे असतील तर ते दोघे सारखे नाहीत.

---

डावखुरा | २८ सप्टेंबर

१२१. डेट्रॉइटमध्ये ४-१. त्याच रात्री डेट्रॉइट २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेलं. आपल्या संघाने घरच्या शेवटच्या मालिकेत एंजल्सना तिन्ही सामन्यांत हरवून हा विक्रम तीन दिवस लांबवला होता, आणि प्रेक्षक त्या तिन्ही दिवशी उभे राहून ओरडत होते.

---

पस्तिसावा रस्ता | ३० सप्टेंबर

शेवटचे दोन जिंकले. ४१-१२१. घरी २३-५८, बाहेर १८-६३.

आता पूर्ण हिशेब मांडतो. केलेल्या धावा ५०७, दिलेल्या ८१३. सामन्याला ३.१३ केल्या, ५.०२ दिल्या. पायथॅगोरियन पद्धत (धावांवरून अपेक्षित विजय काढायची): केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. ५०७ चा वर्ग २,५७,०४९. ८१३ चा ६,६०,९६९. भागाकार ०.२८०, गुणिले १६२, म्हणजे ४५ विजय. घातांक २ ऐवजी १.८३ घेतला, जो बेसबॉलला जास्त जुळतो, तर ४८.

म्हणजे धावांच्या हिशेबाने हा संघ ११४ पराभवांचा होता. उरलेले सात कुठे गेले? बुलपेनने हातातले सामने सोडले, आणि शेवटच्या इनिंगमध्ये बेसवरच्या चुका. नशिबाचाही वाटा आहे, पण या धाग्यावर नोंदलेले सामने चाळले तर आठवी इनिंग वारंवार दिसते.

११४ सुद्धा भयंकरच. त्याचं मूळ फलंदाजीत आहे: पूर्ण संघाचा ॲव्हरेज .२२१, १३३ होम रन. जास्त पिचर आणून हे सुटणार नाही.

---

सहाचारतीन | १ ऑक्टोबर

एक दुरुस्ती. "इतिहासातला सर्वात वाईट संघ" असं सगळीकडे छापलं जातंय. पराभवांची संख्या १९०० नंतरची सर्वाधिक, हे खरं. पण टक्केवारीने आपला संघ .२५३ आणि मेट्स ४०-१२०, म्हणजे .२५०. १९१६ चा फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स ३६-११७, म्हणजे .२३५. आणि १८९९ चा क्लीव्हलंड स्पायडर्स २०-१३४. मेट्स सात वर्षांनी, १९६९ मध्ये, जगज्जेते झाले. २००३ चा डेट्रॉइट संघ २००६ मध्ये वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला.

---

कुबडी बॅट | १ ऑक्टोबर

निदान ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला क्रमांक तरी मिळेल.

---

बुलपेनवाला | १ ऑक्टोबर

नाही मिळणार, आणि हे या हंगामातलं सर्वात बोचणारं कलम आहे.

मालक आणि खेळाडू यांच्यातल्या २०२२ च्या करारापासून पहिले सहा क्रमांक लॉटरीने ठरतात. सर्वात खराब तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १६.५ टक्के. म्हणजे १२१ हरण्याचा १११ हरण्यापेक्षा काही फायदा नाही. शिवाय मोठ्या शहरातला, महसूल-वाटपात पैसे देणारा संघ लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत बसू शकत नाही. आपल्या संघाने या जुलैमध्ये पाचव्या क्रमांकावर हेगन स्मिथ घेतला. त्यामुळे २०२५ मध्ये लॉटरीतून बाहेर, आणि दहाव्याच्या वर जाताच येत नाही. मुद्दाम हरणाऱ्यांना आळा म्हणून हा नियम केला. तो योग्यच आहे, पण इथे कुणी मुद्दाम हरत नव्हतं.

उलट्या क्रमाचा फायदा मोजक्याच ठिकाणी शिल्लक आहे, त्यातली दोन सांगतो. वेव्हरवर टाकलेल्या (संघाने सोडून इतरांना देऊ केलेल्या) खेळाडूवर सर्वात खराब संघाचा पहिला हक्क असतो. आणि डिसेंबरमधला रूल ५ ड्राफ्ट, म्हणजे इतर संघांनी यादीबाहेर ठेवलेल्या खेळाडूंची निवड.

---

पस्तिसावा रस्ता | १२ डिसेंबर

काल दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या.

क्रोशे बॉस्टनला. त्याचं वर्ष: ३२ सामने, १४६ इनिंग, २०९ स्ट्राइकआउट, ६-१२, ईआरए ३.५८, एफआयपी २.६९. बुलपेनवाल्यांनी ऑगस्टमध्ये सांगितलेला फरक इथे उघड दिसतो. बदल्यात कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमरी, इनफिल्डर चेस माइड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ.

माइड्रॉथवर लक्ष ठेवा. तिहेरी ए मध्ये त्याचे वॉक स्ट्राइकआउटपेक्षा जास्त होते. ज्या संघाला बेसवर पोचायलाच माणूस मिळत नव्हता, त्याला नेमका असा बॅटर हवा. टील कॅचर असून डावखुरा बॅटर, ही जोडी सहजी मिळत नाही. मॉन्टगोमरीचा घोटा कॉलेजमध्ये मोडला होता, त्याने व्यावसायिक सामना अजून खेळलेला नाही. त्याला वेळ द्यावा लागेल. जुलैच्या सौद्यातल्या वर्गासने मात्र आपल्याकडे .१०४ ॲव्हरेज काढला. एका सौद्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

---

पहाटेचा प्रेक्षक | १२ डिसेंबर

आणि रूल ५ मध्ये कोण?

---

बुलपेनवाला | १२ डिसेंबर

पहिलाच क्रमांक आपला. मिलवॉकीच्या व्यवस्थेतला उजवा पिचर शेन स्मिथ.

नियम असा: दुसऱ्या संघाने ४० जणांच्या यादीत न ठेवलेला, ठरावीक वर्षं झालेला खेळाडू एक लाख डॉलर देऊन उचलायचा. मग त्याला पूर्ण हंगाम २६ जणांत ठेवावं लागतं. खाली पाठवायचं झालं तर आधी वेव्हर, आणि तिथे कुणी घेतला नाही तर जुन्या संघाला पन्नास हजारांत परत देऊ करावं लागतं. चांगल्या संघाला हे परवडत नाही, कारण एक जागा शिकाऊ माणसात अडकते. १२१ हरलेल्या संघाला परवडतं.

स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये दोन गोष्टी बघा: त्याला स्टार्टर म्हणून तीन-चार इनिंग देतात का, आणि दुसऱ्यांदा त्याच बॅटरसमोर आल्यावर तो चेंजअप (हळू, फसवा चेंडू) टाकतो की नुसत्या फास्टबॉलवर राहतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याच्या पिचची संख्या ७० च्या वर गेली तर तो रोटेशनमध्ये (पाच स्टार्टरांत) आहे असं समजा.